आरशाचा रेनकोट

"थांब रे दत्तू! चाक दरीत चाललंय!" जीपच्या मागच्या बाकावरून शेवंतामावशी ओरडल्या. रोज याच जीपनं बाजाराला जाणाऱ्या या मावशींच्या आवाजानं घाटातला पाऊससुद्धा घटकाभर जागच्या जागी लटकला. समोरून एसटी आली म्हणून आमचा ड्रायव्हर दत्तू जीप मागे घेत होता. त्यानं ब्रेक दाबला तेव्हा मागचं चाक आणि दरी यांच्यामध्ये टाचणीसुद्धा आडवी मावली नसती.

मी बाजूच्या आरशाकडे पाहिलं. दत्तूनं दोन्ही आरशांवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवून रबरबँड लावले होते. पावसाचे थेंब बसले की आरशात काही दिसत नाही, म्हणून हा बंदोबस्त. आता आरसे आत ठणठणीत कोरडे होते, आणि दिसत होती फक्त पिशवी.

मी हसणार होतो, पण तेवढ्यात घरचं कपाट आठवलं. वडिलांची पत्रं मीही अशीच प्लास्टिकात गुंडाळून कपाटात ठेवली आहेत, ओल लागू नये म्हणून. आठ पावसाळे झाले, एकदाही उघडलेली नाहीत. जपण्याच्या नादात बघायचंच राहून गेलं की काय, या विचारानं पुढच्या साऱ्या वळणांवर मला बाकावर धड बसवेना.

शेवटी मी विचारलं, "दत्तू, मागचं तुला दिसतं तरी कसं?"

"मावशी ओरडतात की," तो म्हणाला.