बाबांच्या कबरीवरची मेणबत्ती

मंडळी, आज कॅथलिकांचा मृतांचा दिवस. आम्ही प्रोटेस्टंट तो पाळत नाही. मी अंबरनाथच्या कबरस्तानात गेले ती फक्त बाबांच्या कबरीवरचं गवत काढायला.

बघते तर कबरीवर मेणबत्ती! आमच्या बिल्डिंगमधल्या लिझी आंटीने लावलेली. बाजूलाच नवऱ्याच्या, टोनी अंकलच्या कबरीपाशी ती माळ हातात घेऊन रोझरी म्हणत बसली होती.

मी स्पष्ट सांगितलं, "आंटी, आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. बाबा प्रभूजवळ पोचलेत, मला खात्री आहे."

"पोचलेत? अच्छा है ना!" तिचा चेहराच उजळला. "मग त्यांना बोल, आमच्या टोनीसाठी देवाकडे शब्द टाका. खूप प्यायचा गं तो. मला भीती वाटते, अजून वर पोचला नसेल."

देव आणि माणसात मध्यस्थ एकच, येशू, हे मी संडे स्कूलमध्ये पोरांना शिकवते. आजही तेच मानते. तिला तेच सांगणार होते, पण तिचे डोळे बघून खाली वाकून गवत उपटायला लागले.

ती गेल्यावर मात्र तोंडातून निघून गेलं, "बाबा, टोनी अंकल बाजूलाच आहेत. जरा लक्ष असू द्या."

आमच्या चर्चचे पाळकसाहेब, वाचत असाल तर ती प्रार्थना नव्हती, शेजारधर्म होता. आणि बाकीच्यांनी खरं सांगा, आपल्या माणसाच्या कबरीपाशी तुम्ही गप्प उभे राहता?