कुलूप लावलेला निरोप

शेवंतीचा शेवटचा निरोप आला तेव्हा मी सड्यावर कलमाखाली आंबे निवडत बसलो होतो. ऊन कलायला लागलं होतं. खिशात फोन वाजला. काढून बघितला, तर निरोपाच्या बाजूला कुलपाचं बारकं चित्र. मला वाटलं, हा हिचा नसणारच, कारण आमच्या हिने कधी कुलूप लावून निरोप पाठवलेला नाही. पण नाव तिचंच होतं. आत लिहिलं होतं, "वायच खाली या. कोणाला बोलू नका." आंबे तसेच टाकले आणि उठलो...

हे कसले निरोप ते आधी सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. आमच्या वाडीत फोनला रेंज नाही. खाली वहाळाच्या पुलावर उभं राहिलं तर मिळते, तिथून वर चढलात की फोन म्हणजे नुसती बॅटरी. आमचं घर वाडीच्या तळाला, वहाळाच्या अंगाला. त्याच्या वर माझ्या चुलत भावाचं घर, त्याची बायको सुमन. त्याच्या वर अजून दोन घरं, मग चढण, आणि चढण संपली की सडा, म्हणजे वरचा सपाट कातळ. सड्यावर आमची बाग. हंगामात वानरं आंबा ठेवत नाहीत म्हणून मी दिवसभर तिथे खोपीत. आमची लेक संगीता जयगडला दिली, जावई बंदरावर कामाला. ती एकदा माहेरपणाला आली आणि आमच्या दोघांच्या फोनात काहीतरी घालून म्हणाली, "बाबा, आता नेट नको नि टॉवर नको. आईचा फोन शेजारच्या फोनाला सांगेल, तो त्याच्या शेजारच्याला, असं करत तुमच्यापर्यंत येईल." मी म्हटलं, माझी चेष्टा करू नको. पण तिने सुमनच्या फोनात घातलं, वरच्या दोन घरांत घातलं, आमच्या शेजारच्या बागेत जीवन म्हणून नेपाळी राखणदार आहे त्याच्याही फोनात घातलं. आणि खरंच, मी खोपीत बसलेलो असताना शेवंतीचा पहिला निरोप आला, "मीठ संपलं."

मला हसू आलं. सबंध डोंगर चढून काय आलं, तर मीठ संपलं.

शेवंती सातवी शिकलेली, मी चौथी. तिला लिहायचा कंटाळा नव्हता. माझी बोटं जाड, एक दाबायला गेलं की दोन दाबली जातात, म्हणून मी वाचायचो फक्त. तिचं माहेर दापोलीकडचं, मुरुडच्या बाजूचं, अगदी समुद्राला लागून. लाटांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. लग्न होऊन आमच्या या आतल्या गावात आली तेव्हा माझी आई म्हणायची, सून आणलीत की भोंगा? तेव्हा ती मागच्या अंगणातून कुकारा मारायची आणि मला सड्यावर ऐकू यायचा. नुसता कुकारा नव्हे, त्यात सगळं असायचं, पाहुणे आलेत, भात झालाय, म्हस सुटलीय. सगळी वाडी ऐकायची. पुढे वयाप्रमाणे तिचा आवाज बसला. दोन-चार वर्षं ती गप्प होती म्हणजे मला वर कळायचंच नाही की खाली घरात काय चाललंय. जेवायला कधी उतरायचं ते सूर्याकडे बघून ठरवायचं. ती वर्षं मला आवडली नाहीत. मग हा फोन आला आणि तिचा कुकारा परत सुरू झाला, असंच मला वाटायचं.

तर हे निरोप सगळ्यांना दिसायचे. शेवंतीने लिहिलं, "बांगडे मिळाले, जीवनला घेऊन या," की सुमनच्या घरात दिसलं, वरच्या दोन घरांत दिसलं, जीवनला तर माझ्या आधी दिसलं. त्याला आपली अक्षरं वाचता येतात, त्यांचीही तीच. मी उठायच्या आधी तो बागेच्या दगडी गडग्याच्या पलीकडून हसत उभा, "बाबा, बांगडा!" खाली उतरताना सुमन दारात असायचीच. "काय ओ भावजी, काल कुळथाची पिठी नि आज बांगडा? आक्काचा राग गेला वाटतं." मी म्हणायचो, "तू आपल्या चुलीकडे बघ." ती म्हणायची, "माझ्या चुलीवर काय हाय ते कुणी विचारत नाय, म्हणून तुमच्या बघते." एकदा शेवंतीने लिहिलं, "मुळव्याधीचं औषध विसरलात." त्या दिवशी मी डोंगर उतरलो ते मान खाली घालून. घरात शिरल्यावर ओरडलो, "अगं, अब्रू घालवतेस काय माझी?" ही म्हणाली, "मुळव्याध चोरून आणलीय काय?"

मग संगीता पुन्हा आली तेव्हा मीच तिला म्हटलं, आईला काहीतरी शिकव. तिने कुलपाचं दाखवलं. "आई, हे दाबलंस की फक्त बाबांनाच वाचता येईल. जाईल सगळ्यांच्या फोनांतूनच, पण त्यांना दिसणार नाही." शेवंती भाकरी थापत होती. हात थांबला. म्हणाली, "म्हणजे माझी पाटी सुमनने डोक्यावर घ्यायची, जीवनने घ्यायची, एवढी चढण चढायची आणि पाटीत काय हाय ते त्यांना दाखवायचं नाय?" संगीता हसायला लागली. "अगं, त्यांना कळतसुद्धा नाही त्यांच्या फोनातून काय गेलं ते." शेवंती म्हणाली, "मग तर आणखीनच वाईट." आणि भाकरी तव्यावर टाकली. विषय संपला. मला तेव्हा तिचा रागच आला होता. आता मात्र तो तवा, तिचा पिठाने भरलेला हात, सगळं डोळ्यांपुढे येतं...

तर कुलपाचा निरोप आला त्या दिवशी मी घरी पोचलो तेव्हा सुमनच्या अंगणात मांडव भरलेला. तिच्या पोरीची हळद होती, दुसऱ्या दिवशी लग्न. भोंग्यावर गाणी, सगळी वाडी तिथे. शेवंतीने सकाळी तिथे कांदे चिरले होते, मग कंबर दुखते सांगून घरी आली. मी मागच्या खोलीत गेलो तर चटईवर पडलेली, घामाने भिजलेली. मला म्हणाली, "निरोप मिळाला काय?" मी म्हटलं, "मिळाला नसता तर आलो असतो काय?" म्हणाली, "छातीत भरलंय." मी सुमनला हाक मारायला वळलो तर तिने माझा सदरा धरला. एवढी ताकद कुठून आणली कोण जाणे. "नाय. आपण भावकी. मला काय झालं तर सुतक लागंल, उद्याचं लग्न अडंल. सासरची माणसं पोरीला पांढऱ्या पायाची म्हणतील. जन्मभर." मी म्हटलं, "तू काय मरत नाहीस." ती म्हणाली, "मग ओरडायचं कशाला?"

पुलावर धावलो, रिक्षा बोलावली, मागच्या वाटेने तिला काढली. मांडवातल्या कुणाला पत्ता नाही; सगळे समजले, कंबर दुखते म्हणून पडलीय. संगीताला पुलावरूनच फोन केला, ती सरळ रत्नागिरीला दवाखान्यात आली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंतीने विचारलं, "अक्षता पडल्या काय?" संगीता म्हणाली, "पडल्या, आई." त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी ती गेली. लवकर आणलं असतं तर वाचली असती का, ते मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारून काय करू?

तेराव्याला सगळे जमले तेव्हापासून सुमनने एकच धरलं. "आक्काने निरोप का नाय टाकला? माझं घर बाजूला. सगळ्या जगाला मीठ संपलं सांगायची, आणि हे सांगितलं नाय? आमच्यावर राग होता काय?" रोज डबा घेऊन यायची आणि डबा ठेवता ठेवता हेच. पोरीला पहिल्या माहेरपणाला आणायची तेही लांबवलं. स्वतःचा फोन बंद करून तांदळाच्या डब्यावर ठेवून दिला. मी ऐकायचो आणि गप्प बसायचो. कारण निरोप माझ्या खिशात होता. संगीता सांगून गेली होती की हे निरोप फोनात कायमचे राहत नाहीत, फोन बंद पडला की पुसले जातात. म्हणून मी फोन सारखा चार्जिंगला लावून ठेवायचो, विझू द्यायचो नाही, देवापुढच्या दिव्यासारखा. एवढा संसार झाला, पण शेवंती माझ्याशी जे बोलली ते सगळं वाडीसमोर, आईसमोर, पोरीसमोर. फक्त माझ्यासाठी म्हणून तिने लिहिलेली ती एकच ओळ. ती मला कुणाला दाखवायची नव्हती. आणि तिनेच लिहिलं होतं, कोणाला बोलू नका. तिची आज्ञा होती, आणि मला ती बरीही वाटत होती, खरं सांगतो.

पण सुमन सुकत चालली. एक दिवस डबा ठेवला आणि म्हणाली, "भावजी, माझ्याकडून काय चुकलं ते तरी सांगा. आक्काने मला परकी केली." तेव्हा मला राहवलं नाही. फोन काढला आणि तिच्या हातात दिला.

तिने वाचलं. ओठ हलवत, दोनदा. मग म्हणाली, "हा कुठून गेला?"

"तुझ्याच फोनातून. माझ्या घरातून वर जायला दुसरी वाट कुठाय?"

"माझा फोन कमरेला होता." तिने कमरेवर हात ठेवला. "मी नाचत होते ओ, भावजी."

"म्हणूनच लावलं कुलूप. तुला नाचू द्यायचं होतं."

मला वाटलं, आता रडेल. पण ती भडकली. "कुणी सांगितलं होतं एवढं करायला? लग्न काय, पुढच्या महिन्यात झालं असतं. नसतं झालं तर दुसरीकडे केलं असतं. सासरच्यांना मी बघितलं असतं! मला विचारायचं तरी." असं बोलून तिने शेवंतीला दोन शिव्या घातल्या. खरं सांगतो, मला बरं वाटलं. महिनाभर लोक येऊन ती कशी साध्वी होती ते सांगत होते. तिच्यावर हक्काने चिडणारं माणूस त्या दिवशी पहिल्यांदा भेटलं. मग आम्ही दोघंही रडलो, लहान पोरांसारखे, आणि ते झाल्यावर सुमनने पदराने फोनची काच पुसून मला परत दिला.

म्हणाली, "तुम्ही काय उत्तर दिलंत याला?"

"मी कधी उत्तर देतो? उठलो आणि आलो."

"ते ठाऊक हाय," सुमन म्हणाली. "आक्का मला बोलली होती. कोणाला सांगू नको म्हणाली होती, पण आता सांगते. ती निरोप टाकून मागच्या अंगणात कपडे धुवायच्या धोंडीवर जाऊन उभी राहायची की नाय?"

"हो. तिथून चांगला जातो म्हणायची."

"काय जात नाय. फोन घरातून पण जातो. त्या धोंडीवर उभं राहिलं की आमच्या घराच्या बाजूने वरचा कातळ दिसतो. तुम्ही खोपीतून निघालात की कातळावर दिसायचात. तुम्ही दिसलात की आत जाऊन ताट वाढायला घ्यायची. मी एकदा विचारलं, भावजी उलट काय लिहीत नाय, तुला राग नाय येत? तर म्हणाली, उत्तर चालत येताना दिसतं ना, लिहायला कशाला हवं."

डोंगर उतरून घरात पाऊल टाकलं की ताट तयार, भात वाफाळता. इतके दिवस मी समजायचो, हिची वेळ बरोबर जमते.

चार दिवसांनी पावसात वाडीची लाईट गेली, ती लवकर आली नाही. फोन विझला. पुन्हा लावला तेव्हा निरोप गेला होता. पण सुमनने आता तिचा फोन चालू केलाय, आणि ती ओळ आम्हा दोघांनाही पाठ आहे.

शेवंतीने त्या दिवशी मी खोलीत शिरताच विचारलं होतं, निरोप मिळाला काय. मला तो प्रश्न वेड्यासारखा वाटला होता. पण ती चटईवर पडलेली होती, धोंडीपर्यंत जाता आलं नव्हतं. मी निघालो की नाही, हे त्या एका दिवशी तिला दिसलं नव्हतं...

आता सांजेला मी मागच्या अंगणात जातो आणि त्या धोंडीवर उभा राहतो. सुमनच्या घराच्या कोपऱ्यावरून कातळ दिसतो, त्यावरची वाट दिसते. एवढ्या लांबून माणूस ओळखू येत नाही, नुसता हलणारा ठिपका दिसेल. तो ठिपका मीच, हे तिला कसं कळायचं, ते मला अजून कळलेलं नाही.