कासलबारमधला समेट

नेपाळच्या त्या बाईंची पत्रकं कॉलेजात असताना मी मराठीत आणली होती. राजाच्या काळात त्या तुरुंगात गेल्या, जमीनदारांच्या घरी राबणाऱ्या मुलींना त्यांनी सोडवून आणलं, पुढे खासदार झाल्या. मी आयर्लंडला आल्यावर भाषणासाठी त्या डब्लिनला आल्या, तेव्हा मीच त्यांना कासलबार गावी माझ्या डॉक्टर चुलतभावाकडे जेवायला नेलं. त्या घरात बाळ सांभाळायला एक नेपाळी मुलगी होती. तिला काम सोडायचं होतं, पण तिचा पासपोर्ट वहिनीने कुलपात ठेवला होता. का, तर "हिच्याकडून हरवेल". मी भांडले तेव्हा वहिनी म्हणाली होती, "तू पत्रकं वाट, बाई. घर मला चालवू दे."

मुलगी मला म्हणाली होती, "त्या आल्या की त्यांच्यासमोर बोलेन."

ती बोलली. भात वाढून झाल्यावर, ओढणीला हात पुसत, नेपाळीत. बाईंनी सगळं ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी वहिनीचा हात ओढला, त्यावर मुलीचा ठेवला आणि हिंदीत म्हणाल्या, "घरातलं घरात मिटावं. ही तुमची धाकटी बहीण. आणि तू गं, दिदीचं मन दुखवायचं नाही."

"अहो, लाडकीच आहे ती आमची!" वहिनी म्हणाली.

"ग्रँड!" असं आयरिश थाटात म्हणत भावाने फोटो काढला.

"आणि पासपोर्ट?" मी विचारलं.

बाई हसल्या. "तू तरुण आहेस, मुली. अशी किती भांडणं मी गावोगाव मिटवली आहेत."

"जमीनदारांचीही?"

"अगं, पाहुण्या आहेत त्या!" भाऊ ओरडला. बाईंनी श्रीखंड मागून घेतलं. अर्ध्या ताटावरून मी उठले.

दुसऱ्या दिवशी मुलीने पुन्हा पासपोर्ट मागितला. "तुमच्याच नेत्यांसमोर मिटलं ना काल?" असं वहिनीने तिला ऐकवलं. हे तिने मला फोनवर सांगितलं. तिच्या आवाजात रागसुद्धा उरला नव्हता.

"आपण पोलिसांकडे जाऊ," मी म्हणाले.

"काय सांगू त्यांना? बाईंनीच मिटवलंय, दिदी. त्यांच्यापेक्षा मोठं कोण आहे आमच्यात?"

मी एकटीच चौकीवर गेले. तिथल्या पोलीस बाई नीट बोलल्या. मुलीने स्वतः यायला हवं, म्हणाल्या. मी बाहेर उभी राहून तिच्या मोबाइलवर तीनचारदा फोन केला. शेवटी तो वहिनीने उचलला.