‘ख’चं पाणी

सलीमभाईंचं पाणी खराब नव्हतं. ते खराब झालं माझ्या गाडीच्या डिक्कीत, मी रोडगे खात असताना. लॅबमधली प्लेट पाहिल्याबरोबर हे मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर थोडंसं कळलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही, आणि त्यामुळे एका माणसाचा धंदा बसायला आला.

सलीमभाई हे त्यांचं खरं नाव नाही. गावाचंही नाव लिहीत नाही. चिखली तालुक्यात, उंद्रीच्या बाजूला, एवढं पुरे. लिहिताना नाव बदलू का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “बदला ना. पन आता अक्षर नका देऊ मले.”

असं ते का म्हणाले, ते सांगतो.

मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास, इतकाच त्याचा अर्थ. आमच्या संस्थेचं एक छोटं संग्रहालय आहे. तिथल्या वानखडे मॅडम शाळांमध्ये फिरतं प्रदर्शन घेऊन जातात. कॉमर्सचे गवई सर ग्राहक काय विकत घेतो आणि का घेतो, यावर काम करतात. आम्हा तिघांना मिळून एक प्रोजेक्ट मंजूर झाला. प्रश्न साधा होता. पाण्यात काय आहे हे लोकांना डोळ्यांनी दाखवलं, तर ते पाणी घेण्याची सवय बदलतात का? पाणी मी तपासायचं, मॅडमनी ते प्रदर्शनात मांडायचं आणि लोकांच्या वागण्यात काय फरक पडला ते गवई सरांनी मोजायचं. प्रोजेक्टचा प्रमुख मी होतो.

त्या गावात लोक प्यायला जारचं पाणी घेतात. बोअरचं पाणी फिल्टर करून, थंड करून घरपोच देणारे दोन प्लांट तिथे आहेत, त्यातला एक सलीमभाईंचा. संशोधनाचा नियम असा की कुणाचं नाव उघड करायचं नाही. म्हणून एका प्लांटला ‘क’ म्हणायचं आणि दुसऱ्याला ‘ख’. एथिक्स कमिटी म्हणजे संशोधनात कुणाला इजा होऊ नये हे पाहणारी समिती. तिने आमची ही व्यवस्था वाचली आणि मान्य केली. गावात प्लांट किती, हे समितीने विचारलं नाही. मलाही ते सांगावंसं वाटलं नाही.

नमुने घ्यायला मी एकटाच गेलो. एप्रिल होता. पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेतात आणि बर्फाच्या पेटीत ठेवून शक्य तितक्या लवकर लॅबमध्ये नेतात. कारण चांगल्या पाण्यातही थोडे निरुपद्रवी जिवाणू असतातच. थंडीत ते गप्प असतात. ऊब मिळाली की वाढतात. हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो. त्या दिवशी पेटी घेतली आणि बर्फाचे पॅक कॉलेजच्या फ्रीजमध्येच राहिले.

सलीमभाईंच्या प्लांटवर पाच-सात गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी बाटली भरली, खिशातून मार्कर काढला आणि तिच्यावर मोठ्ठा ‘ख’ लिहिला. एकाने विचारलं, हे काय? मी सांगितलं, हे गुप्त ठेवण्यासाठी आहे.

दुसऱ्या प्लांटला कुलूप होतं. परतताना घेऊ म्हणून मी पुढे निघालो. अमडापूरजवळ एका मित्राच्या शेतात नवसाचं जेवण होतं, रोडगे आणि वांग्याची भाजी. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे; ते गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात आणि ते कुणाच्या घाईने भाजले जात नाहीत. शिवाय नवसाच्या पंगतीतून अर्ध्यावर उठता येत नाही. बाटली डिक्कीत होती. गाडी उन्हात होती. एकदा मनात आलं की बाटली आणून माठाशेजारी ठेवावी. तेवढ्यात वाढायला आले.

दुपार कलल्यावर निघालो. वाटेत ‘क’चा ताजा नमुना घेतला आणि थेट लॅब गाठली.

पाण्याचे थेंब पेट्री डिशमध्ये, म्हणजे आम्ही प्लेट म्हणतो त्या उथळ डबीत, जेलीसारख्या खाद्यावर टाकतात आणि उबदार कपाटात ठेवतात. एकेक जिवाणू वाढून त्याचा डोळ्यांना दिसेल असा ठिपका होतो. दोन दिवसांनी पाहिलं तर ‘क’च्या प्लेटवर तुरळक ठिपके होते. ‘ख’ची प्लेट सारवल्यासारखी भरली होती. मला डिक्की आठवली. नमुना पुन्हा घ्यायला हवा, हेही आठवलं. तेवढ्यात वानखडे मॅडम आल्या आणि दोन्ही प्लेटा उजेडात धरून म्हणाल्या, “सर, याच्यापेक्षा चांगलं काय दाखवणार? बघताक्षणी कळतं.” प्रदर्शनाची तारीख ठरलेली होती. मी हो म्हणालो.

गावच्या शाळेच्या हॉलमध्ये दोन्ही प्लेटा सीलबंद करून भिंगाखाली ठेवल्या. शेजारी पाट्या, ‘क’ आणि ‘ख’. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी भिंगातून पाहिलं, पाटी पाहिली आणि मागे वळून म्हणाल्या, “वं माय, हे त सलीमभाईचं.” मी घाईने म्हणालो, नावं गोपनीय आहेत. त्या म्हणाल्या, “हाव सर, आमी नाही सांगत कोनाले.”

पुढच्या आठवड्यात गवई सर स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून आले. इतका खूश माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. प्रदर्शन पाहिलेल्या जवळजवळ सगळ्या घरांनी पाणी बदललं होतं. “सर, असा इफेक्ट कुठंच येत नाही,” ते म्हणाले. इफेक्ट म्हणजे आपण केलेल्या गोष्टीने किती फरक पडला त्याचं माप. मी विचारलं, बदललं म्हणजे उकळून प्यायला लागले का? ते म्हणाले, नाही, उकळत कुणीच नाही. सगळे ‘क’कडे गेले.

आलेख फार सुंदर होता. एक रेघ वर जात होती आणि एक खाली. खालची रेघ म्हणजे सलीमभाई.

ते स्वतः कॉलेजात आले तेव्हा मी प्रॅक्टिकल घेत होतो. मध्यम वयाचा, पांढऱ्या शर्टातला शांत माणूस, हातात भरलेला जार. दारात उभे राहून त्यांनी विचारलं की पाणी तपासणारे सर आपणच ना. मी त्यांना केबिनमध्ये नेलं. भांडायला आले असतील असं वाटलं होतं. ते भांडले नाहीत, आणि त्यामुळे माझी जास्त पंचाईत झाली.

लोक भरलेले जार परत आणून ठेवत होते. लग्नाच्या ऑर्डरी गेल्या होत्या. जार पोचवणाऱ्या दोघांपैकी एकाला त्यांनी घरी बसवलं होतं. बाजारात त्यांच्या टेम्पोला लोक ‘ख गाडी’ म्हणू लागले होते.

मी सांगितलं, आम्ही तुमचं नाव कुठेही घेतलेलं नाही.

“सर, तुमी नाव नाही घेतलं, मान्य हाय,” ते म्हणाले. “पन ‘ख’ म्हंजे कोन, हे गावातल्या कुत्र्यालेबी माईत हाय. नाव घेतलं असतं त मी भांडलो असतो. आता अक्षरासंग कसा भांडू?”

मी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

“मले इतकंच सांगा, माह्या पान्यात खरंच खराबी हाय का? असन त मी आजच मशीन बंद करतो. माहे पोरंबी तेच पानी पेतात.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, पुन्हा तपासून घेऊ. त्यांनी मान डोलावली आणि जार टेबलाजवळ ठेवून गेले. तो दिवसभर तिथेच होता. कुणी पाणी घेतलं नाही, मीसुद्धा नाही. ते खराब नसावं असं ज्याला वाटत होतं असा त्या खोलीत मी एकटाच होतो.

फेरतपासणी नियमाप्रमाणे केली. दोन्ही प्लांटचे नमुने एकाच वेळी घेतले, बर्फात ठेवले आणि सरळ लॅबमध्ये आणले. दोन्ही प्लेटा जवळजवळ सारख्या आल्या. सलीमभाईंची किंचित उजवी होती.

मी दोघा सहकाऱ्यांना बोलावून डिक्कीचं सांगितलं. वानखडे मॅडम खाली बसल्या. त्यांनी एवढंच विचारलं की हे मला कधीपासून माहीत होतं. मी सांगितलं, पहिल्या दिवसापासून. गवई सरांनी लॅपटॉप हळूच बंद केला. त्यांचा शोधनिबंध हातचा गेला होता. ते म्हणाले, “सर, लोक डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवतात, हे तर सिद्ध झालं. फक्त छापता येणार नाही.”

मी एक खुलासा टाइप केला. ‘काही तांत्रिक कारणास्तव नमुना ख चे निष्कर्ष मागे घेण्यात येत आहेत.’ तो शाळेच्या फलकावर लावायचा असं ठरवलं आणि आधी सलीमभाईंना दाखवायला गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला.

“हे कोन वाचन, सर?” ते म्हणाले. “खराबी तुमी डोयाले दाखोली. आन माफी कागदावर?”

मी म्हणालो, मग काय करू? ते म्हणाले, “मलेच काऊन विचारता? दाखवाचं काम तुमचं हाय.”

उपाय वानखडे मॅडमनी काढला. सलीमभाईंच्या प्लांटचं एकाच जारमधलं पाणी दोन बाटल्यांत भरायचं. एक बर्फात ठेवायची, दुसरी माझ्या गाडीच्या डिक्कीत, उन्हात, तितकाच वेळ. मग दोन्हींच्या प्लेटा त्याच हॉलमध्ये, त्याच भिंगाखाली. पाटीवर अक्षर नको, सगळं सरळ लिहायचं. सलीमभाईंनी परवानगी दिली. बाजाराचा दिवस धरला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाइकं परतली, पण सगळी नाही. काही जणांचं म्हणणं असं की सर नंतर का बोलले, त्यांच्यावर दबाव आला असेल. लग्नाच्या ऑर्डरी पुढच्या मोसमात येऊ लागल्या. घरी बसवलेला माणूस तोवर दुसरीकडे लागला होता. प्रोजेक्ट आम्ही बंद केला आणि अहवालात कारण लिहिलं. मी यातून शिकलो ते एवढंच: दोन दुकानांच्या गावात अक्षर हेसुद्धा नावच असतं, आणि ज्याला शंका आली त्याने त्याच दिवशी तोंड उघडावं. दुसऱ्या दिवशी ते जड होतं.

त्या बाजाराच्या दिवशी हॉल भरला होता. सलीमभाई मागच्या भिंतीला टेकून उभे होते. मी जिवाणू कसे वाढतात ते समजावलं, दोन्ही प्लेटा दाखवल्या. लोकांनी रांगेने भिंगातून पाहिलं. मी बरंच बोललो. बर्फाचं बोललो, तापमानाचं बोललो, नमुना हाताळण्यातल्या त्रुटींचं बोललो. पहिल्या प्रदर्शनातल्या त्याच बाई पुढे बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “सर, ते समदं समजलं. पन पानी उन्हात ठुलं कोनं?”

“मी,” मी म्हणालो.

“काऊन?”

“रोडगे खात होतो.”

हॉलमध्ये हसू पसरलं. कुणीतरी मागून विचारलं, वांगे बरे होते का? मलाही हसायची सोय होती. हसलो असतो तर तिथेच संपलं असतं, लोकांनी विनोद घरी नेला असता. सलीमभाई हसत नव्हते. मी हसू ओसरू दिलं आणि त्यांच्याकडे पाहून बोललो.

“सलीमभाई, बाटली उन्हात राहिली ती चूक होती. चूक कुणाचीही होते. पण प्लेट पाहिली त्याच दिवशी मला शंका आली होती. मी गप्प राहिलो, कारण तसं दाखवायला छान दिसत होतं. तुम्ही जार घेऊन माझ्या दारात आलात, तेव्हाही गप्प राहिलो. तुमचं पाणी चांगलं होतं. ते चांगलं असावं हे मला कळत होतं, तरी मी लोकांना उलटं दाखवलं. मला माफ करा.”