खालच्या आवाजाच्या सिस्टर

फोनवर आमच्या सिस्टरना जो तो ‘साहेब’ म्हणायचा. तालुक्याहून लसींसाठी फोन आला की पलीकडचा विचारायचा, सिस्टरना देता का जरा, साहेब? त्या शांतपणे सांगायच्या, “सिस्टरच बोलतीय.” आवाज खर्जातला, भरदार. मांडवगण फराट्याजवळच्या उपकेंद्रात त्या नर्स होत्या आणि मी आशा कार्यकर्ती. वाड्यावस्त्यांवर आम्ही त्यांच्याच स्कूटीवरून जायचो.

स्कूटीवर त्यांच्या तोंडी एकच गाणं असे. जुन्या काळच्या एका मऊ, खोल गळ्याच्या गायकाचं. त्याचं नाव घेतलं की लोकांना आधी तेच गाणं आठवतं. लसीकरण आटोपलं की त्या ते मोबाईलवर लावायच्या आणि अंतऱ्यापाशी मला हाताने थांबवायच्या. “ह्या शब्दाआधी त्यांनी श्वास घेतलाय. कळला का? न्हाई ना? तीच तर गंमत हाय.” त्या गायकाच्या वाढदिवसाला उपकेंद्रात पेढे वाटले जायचे. तपासणीला आलेल्या बायका विचारायच्या, कुणाचं बारसं?

एकाच गाण्याचं एवढं वेड कशाला, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, लहानपणी कवठे येमाईच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजींनी त्यांना मागच्या रांगेत उभं केलं होतं. तुझ्या आवाजाने बाकीच्या मुलींचा सूर बिघडतो, तू नुसते ओठ हलव, असं सांगून. दोन वर्षं त्यांनी ओठ हलवले. मग एक दिवस शेजारच्या रेडिओवर ते गाणं लागलं.

“एवढ्या खालून, एवढं सावकाश गात व्हते ते,” सिस्टर म्हणाल्या. “तवा मला कळलं, खालचा आवाजबी आवाजच असतो.”

निवृत्तीनंतर त्यांनी दौंडच्या कराओके स्पर्धेत नाव द्यायचं ठरवलं. मी सोबत होते. संयोजक तसे भले गृहस्थ, पण हे गाणं पुरुषांचं आहे, ताईंनी बायकांचं एखादं घ्यावं, यावर अडून बसले. सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत, उठल्याही नाहीत. तासभर समोरच्या खुर्चीत बसून राहिल्या. शेवटी संयोजकांनी नाव लिहून घेतलं, सगळ्यात शेवटच्या क्रमांकावर.

स्पर्धेच्या संध्याकाळी अंतऱ्याच्या वरच्या ओळीला सिस्टरचा आवाज फाटला. मागे कुणीतरी हसलं. मला मान वर करवेना. सिस्टर मात्र गाणं पुरं करूनच खाली उतरल्या. परतताना मी समजूत घालायला लागले, तर म्हणाल्या, “ती एक ओळ अजून माझी झाली न्हाई. वर्ष हाय हातात.”

वर्षभर त्या रोज सकाळी स्वयंपाकघराचं दार लावून तेवढी एक ओळ गायच्या. नोकरीत असताना बाळंतपणाच्या वेळी बायकांना त्या सांगायच्या, श्वास कोंडू नको, सोडत जा. तेच आता स्वतःला शिकवत होत्या. त्यांच्या सुनेने मला हळूच विचारलं, सासूबाई दुसरं काही गात नाहीत का?

पुढच्या वर्षी त्या वरच्या ओळीपाशी आल्या तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. त्यांनी श्वास कधी घेतला ते मला कळलंच नाही. ओळ वर गेली, थोडी थरथरली आणि टिकली. सभागृहात कुणी हललं नाही. बक्षीस एका तरुण जोडीला मिळालं. सिस्टरनी त्या दोघांचं मनापासून कौतुक केलं आणि जेवायला बसल्या. इतकं पोटभर जेवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

यंदा सिस्टरच्या मुलाची बदली सोलापूरला झाली आणि त्याही तिकडे राहायला निघाल्या. त्यांना दौंड स्टेशनवर पोहोचवायला मी गेले. आता मला ते गाणं कोण ऐकवणार, असं मी म्हटलं. डब्याच्या दारात उभ्या राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“सुनंदा, इतकी वर्सं तू ऐकतच आलीस. तुझा आवाज कसा हाय, मला ठाऊकच न्हाई.”

गाडी हलली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. मग तिथेच, फलाटावर, पहिली ओळ म्हणून पाहिली. बाकावरच्या एका बाईने वळून बघितलं. मी दुसरीही म्हटली.