सातवा वार

त्या फिल्ममध्ये मरायचं मला होतं, म्हणून माझी आणि चाँदभाईची गाठ पडली.

२०१६ चा उन्हाळा. शिरूर कासारजवळचा आमचा तलाव तळापर्यंत आटला होता. त्याच्या काठावर दूध सोसायटीनं जनावरांसाठी चारा छावणी उघडली होती. मी गावात शाळामास्तर. माझा जुना विद्यार्थी उत्तरेश्वर बीडला क्लासला होता. तिथल्या एका स्पर्धेसाठी त्यानं पंधरा मिनिटांची फिल्म लिहिली. दोन सरदार भाऊ एका विहिरीवरून भांडतात आणि निकाल तलवारीनं लागतो. थोरला मी. धाकटा बिभीषण, सोसायटीच्या चेअरमनचा पुतण्या. लढाई बसवायला चाँदभाई.

चाँदभाई बसस्टँडमागं खिडक्या-ग्रिलचं वेल्डिंग करायचा. त्या साली बांधकामाला पाणीच नव्हतं, म्हणून दुकान ओस पडलेलं. तरुणपणी तो तालमीत दांडपट्टा फिरवायचा. एका खेळात समोरच्या राधाकिशनच्या डोळ्याला पात्याचं टोक लागलं आणि तो डोळा गेला. राधाकिशननं मनात काही ठेवलं नाही. चाँदभाईनं मात्र सतरा वर्षं पट्ट्याला हात लावला नव्हता. उत्तरेश्वर तीनदा त्याच्या दारात गेला, तेव्हा तो म्हणाला, "बसवतो. पण पाती मी बनवीन. दुसरं कायबी चालणार न्हाई."

त्यानं अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या तलवारी केल्या. कडा कानशीनं गोल केल्या, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली. मग बारा दिवस तलावाच्या भेगाळलेल्या तळात आमची तालीम चालली. प्रत्येक वाराला आकडा. चाँदभाई आकडा ओरडायचा, आणि ज्याला वार चुकवायचा त्यानं आधी हलायचं, मारणाऱ्यानं नंतर. सातवा वार सगळ्यात अवघड. बिभीषण माझ्या मानेच्या उंचीवर आडवी तलवार फिरवणार, त्याआधी मी गुडघ्यावर बसलेलो असणार. आठवा काखेतून, कॅमेऱ्याच्या पलीकडून, आणि मी मरणार.

"मास्तर, लई सफाईनं लढू नका," तो मला म्हणायचा. "जरा धापा टाका. पाय घसरू द्या. बगणाऱ्याला वाटलं पायजे, आता गेला मास्तर." आणि शंभर शंभर वेळा "सात!" म्हणून मला खाली बसवायचा. माझ्या मांड्या भरून यायच्या.

शूटिंगच्या दिवशी छावणीतली दोनशे माणसं काठावर जमली. शिट्ट्या, आरोळ्या. उत्तरेश्वरनं "ॲक्शन" म्हटलं. बिभीषण धावत आला, पहिला वार पडला, आणि माझ्या हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. आवाजही निराळाच होता. आमच्या पट्ट्या खट्ट वाजायच्या. हा आवाज घुमत राहिला. मला काही समजेना. चाँदभाईला समजलं. उभी हयात त्यानं लोखंड ठोकलेलं होतं.

बिभीषणनं घरच्या देव्हाऱ्यातली दसऱ्याची तलवार आणली होती.

दुसरा वार. तिसरा. तिसऱ्याला माझी पट्टी वाकली. माणसांच्या गलक्यानं बिभीषणला चेव आला होता, आकडे तो विसरला होता. चौथा वार खांद्याच्या बाजूनं यायचा. त्यानं तलवार आडवी मागं नेली. "थांबा" म्हटलं असतं तर मी आवाजाकडं मान वळवली असती. चाँदभाई ओरडला, "सात!"

मी विचार केलाच नाही. गुडघे आपोआप दुमडले. डोक्यावरून वारा गेला आणि फेटा उडाला.

वर बघितलं तर चाँदभाईनं मधे घुसून बिभीषणचं मनगट धरलं होतं.

"हात सोड," बिभीषण दात आवळून म्हणाला. "छावणीत म्हैस हाय ना बे तुझी?"

"हाय. उद्या हाकलून दे. आदी हे खाली ठेव."

"खरं दिसावं म्हणून आणली. त्यात काय झालं?"

चाँदभाईनं मोकळ्या हातानं माझा फेटा उचलला आणि त्याच्यापुढं धरला. चार पदर कापले गेले होते. "ह्यात मास्तरची मान असती, तर ते पिच्चर कुणाला दाखवलं असतंस?"

बिभीषण फेट्याकडं बघत राहिला. मग तलवार त्याच्या हातातून गळाली आणि तो तिथंच मातीत बसला. उत्तरेश्वरनं कॅमेरा बंद केला. तलवार त्याला आधीच दाखवली होती, तिच्या चकाकीला भुलून तो गप्प बसला होता, हे त्यानं रडत रडत सांगितलं. चाँदभाई बाभळीखाली जाऊन बसला. मी पाणी नेलं, तर तांब्या घेण्याआधी त्यानं माझे दोन्ही डोळे नीट बघितले.

मला वाटलं, संपली फिल्म. तासाभरानं तोच उठला. "उठा. आज सोडलं तर तुमी दोघं परत कदीच एकमेकांसमोर हुबे ऱ्हाणार न्हाई." वाकलेली पट्टी दगडावर ठोकून सरळ केली, दुसरी बिभीषणच्या हातात दिली आणि आधी अगदी सावकाश, मग जरा वेगात, असं ऊन उतरेपर्यंत घोटून घेतलं, मगच कॅमेरा चालू झाला. बिभीषण खरोखर दमला होता, खरोखर धापा टाकत होता. चाँदभाईनं ते तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी चेअरमन सुंदरराव छावणीत आले. पुतण्यानं त्यांना सगळं स्वतःहून सांगितलं होतं. ते म्हशीपाशी उभे राहिले, चारा टाकणाऱ्याला म्हणाले, "हिला कमी पडू देऊ नका," आणि निघून गेले.

फिल्म बीडला दाखवली. नंबर आला नाही. गोष्ट लांबली, असं परीक्षक म्हणाले. पण सातव्या वाराला आमच्या मागची एक बाई "आगं माय!" म्हणून किंचाळली. चाँदभाई पडद्याकडं बघतच नव्हता, खुर्चीत उलटा वळून लोकांची तोंडं बघत होता. तो तोंडावर रुमाल धरून हसला.

पुढं त्यानं नऊ फिल्मांच्या लढाया बसवल्या. पाऊसपाणी झालं, खिडक्यांचीही कामं परत आली. आता कुणी बोलवायला आलं की तो शुक्रवारची वेळ देतो. त्या दिवशी त्याचं दुकान बंद असतं.