नळाजवळची ब्राह्मी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. माझ्या याद्यांमध्ये घरातलं सगळं सापडतं. हे तेवढं सापडणार नाही.

नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतींच्या बागेची यादी माझ्याकडे होती. वाफा, नाव, ओळख पटवणाऱ्याची सही — तीन रकाने. त्या मे महिन्यात तपासणीला बाहेरचे प्राध्यापक यायचे होते. बाग करपलेली. फक्त नळाजवळ जमिनीला धरून एक रोप हिरवंगार पसरलं होतं — इथलंच, बारमाही. घाईत मी ब्राह्मी लिहिलं, यादी टाईप करून घेतली, पाटी रंगवली.

देवकाबाई बागेत रोजाने कामाला होत्या, सावनेरच्या बसने यायच्या. पाटी रोवताना त्यांनी नाव विचारलं आणि हसल्या.

"ब्राह्मी नाही होय, बाई. जलपिंपळी हाय. पानाच्या शेंड्याले दाते पाहा. उभ्यानं कसं दिसन? वाका लागते."

मी वाकले. दाते होते. मग यादी का बदलली नाही? चार प्रती निघाल्या होत्या, वेळ नव्हता — छे. खरं सांगू? सही माझी होती.

तपासणीच्या दिवशी सकाळपासून मी त्या नळावरून पाहुण्यांना लवकर कसं पुढे न्यायचं, एवढाच विचार करत होते. ते नेमके तिथंच वाकले. पान खुडलं. ही ब्राह्मी कुणी ठरवली, म्हणाले. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ब्राह्मीच होती, मी म्हटलं — देवकाबाईंनी उपटून भलतंच लावलेलं दिसतं. किती सरळ आवाजात म्हटलं मी ते.

त्यांना बोलावलं, विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी यादीकडे.

"बाई म्हणते तं असन," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं. सावनेरची बस यायच्या वेळेला मी कितीतरी दिवस फाटकाकडे बघायची. प्राचार्यांची खोली माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होती — वीस पावलांना किती वेळ लागतो?

मग मी यादी नव्याने टाईप करून घेतली. ब्राह्मीच्या जागी जलपिंपळी. ओळख कुणी पटवली, त्या रकान्यापाशी पेन थांबलं — थोडंसंच.

तिथं मी माझी सही केली.